खाऱ्या पाण्याचा जमाखर्च

नागपूरच्या प्रताप नगरातून कोणत्याही दिशेला निघाले तरी साडेपाचशे किलोमीटरांच्या आत समुद्र लागत नाही. ज्यांनी तो आयुष्यात पाहिलेलाच नाही अशी वडीलधारी माणसे या वस्तीत आजही भेटतात, आणि समुद्राच्या पोटात काय चालले आहे याची चौकशी करण्याचे कारण त्यांना कधी पडलेले नाही. असे असले तरी जुलै-ऑगस्टात जी झड लागते, जिच्यात सूर्याचे दर्शन दोन-दोन, तीन-तीन दिवस होत नाही, अंबाझरीचा तलाव सांडव्यावरून वाहू लागतो आणि भंडाऱ्याच्या धानाला व काटोलच्या संत्राबागांना वर्षभराचा आधार मिळतो, ती झड बहुतांशी बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात जन्मलेल्या आणि ओडिशा-छत्तीसगढवरून पश्चिमेकडे सरकत आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्रांची देणगी असते. ही क्षेत्रे त्याच पाण्यावर पुनःपुन्हा का जन्मतात या प्रश्नाचा माग हवेत काढू लागलेले शास्त्रज्ञ अखेर पाण्यापाशी आले, आणि पाण्यापाशी आल्यावर त्यातील मिठापाशी. संगणकात समुद्र उभा कसा करतात, त्यातील प्रवाह आणि निरनिराळ्या जलराशी त्यात कशा घडवतात, आणि या हिशेबात मिठाची चूक राहिली तर ती विदर्भाच्या पावसापर्यंत कशी येऊन पोहोचते, हे सामान्य वाचकास सांगावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रताप नगराच्या जवळच, सोनेगावच्या विमानतळावर, हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे, आणि वर्तमानपत्रांतून आपण जो विदर्भाचा अंदाज वाचतो तो तेथून येतो. परंतु संबंध मोसमाचा जो आगाऊ अंदाज असतो, पाऊस सरासरीइतका पडेल की कमी याचा, त्याच्या पाठीमागे समुद्राचे आणि हवेचे गणित एकमेकांशी बांधून चालविणारे जे प्रतिमान आहे, त्याचा संसार पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मांडलेला आहे. ही संस्था १९६२ साली स्थापन झाली, २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मान्सून मोहिमेचा मुख्य भार तिने उचलला, आणि तेथील ‘प्रत्यूष’ या २०१८ साली कार्यान्वित झालेल्या महासंगणकाच्या जोडीला २०२४ साली ‘अर्क’ हा त्याहून सुमारे तिप्पट वेगाचा संगणक आला.

समुद्राचे गणिती प्रतिमान, ज्याला सर्रास मॉडेल म्हणतात, ते समुद्राचे चित्र नव्हे, आणि मागील नोंदींवरून पुढचे ताडण्याची रीतही नव्हे. ते जमाखर्चाचे दप्तर आहे. पटवारी जसा सारा गाव सर्व्हे नंबरांत तोडून प्रत्येकाचे खाते स्वतंत्र ठेवतो, तसा सगळा सागर अक्षांशांच्या, रेखांशांच्या आणि खोलीच्या रेषांनी लक्षावधी, क्वचित कोट्यवधी चौकटींत तोडला जातो, आणि प्रत्येक चौकटीच्या नावे तिच्यातील पाण्याचे तापमान, त्यातील मीठ, त्याचा पूर्व-पश्चिम वेग व दक्षिणोत्तर वेग, आणि सर्वांत वरच्या चौकटीपुरती पाण्याच्या पृष्ठाची उंची, एवढ्या रकमा लिहिल्या जातात. मग काळ पुढे सरकतो. कोठे दहा मिनिटांनी, कोठे अर्ध्या तासाने, कोठे तासाभराने. प्रत्येक पावलाला शेजारच्या चौकटींतून किती पाणी आले आणि त्यासोबत किती उष्णता व मीठ आले, किती निघून गेले, सूर्याने वरून काय दिले, बाष्पीभवनाने काय नेले, पावसाने आणि नदीने किती गोडे पाणी ओतले, याची बेरीज-वजाबाकी करून नवी शिल्लक मांडली जाते. एका खात्यातून जे गेले ते दुसऱ्या खात्यात जमा झालेच पाहिजे हा या दप्तराचा अव्वल नियम आहे, आणि कोठेही यत्किंचित गळती राहिली तर शंभर वर्षांच्या गणनेत ती साठत जाऊन सारा समुद्र तापल्याचा किंवा थिजल्याचा भास उत्पन्न करते.

वेगाचा हिशेब न्यूटनच्या गतिनियमानेच होतो. फक्त बळे ओळखावी लागतात. वारा पृष्ठभागाला ओढतो हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु खोल पाण्याला हलविणारे बळ वाऱ्याचे नसून दाबातील फरकाचे असते. थंड पाणी जड, उष्ण पाणी हलके. खारे जड, गोडे हलके. म्हणून प्रत्येक चौकटीच्या तापमानावरून, क्षारतेवरून आणि खोलीवरून तिची घनता काढायची, वरपासून खालपर्यंतच्या घनतांची बेरीज करून त्या स्तंभाचे वजन ठरवायचे, आणि शेजारच्या स्तंभांच्या वजनांत जो फरक पडेल त्या फरकाने पाणी ढकलायचे. या सगळ्या व्यवहारावर पृथ्वीच्या भ्रमणाचा अंमल चालतो, आणि उत्तर गोलार्धात चालते पाणी त्याच्यामुळे आपल्या उजवीकडे वळू पाहते. त्यामुळे उतारावरून सरळ खाली धावण्याऐवजी मोठे सागरी प्रवाह उताराला आडवे, त्याच्या कडेकडेने वाहतात. एक किलोग्रॅम समुद्रजलात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ज्या फरकांनी महासागर हलतात ते या ३५ च्या पुढचे-मागचे एक-दोन ग्रॅम असतात.

ही रीत प्रथम व्यवस्थितपणे मांडली ती अमेरिकेत प्रिन्स्टन येथे कर्क ब्रायन यांनी, मायकेल कॉक्स यांच्या सहकार्याने. ब्रायन यांचा मूळ पद्धती सांगणारा शोधनिबंध १९६९ चा. त्याच वर्षी स्युकुरो मनाबे आणि ब्रायन यांनी हवा आणि समुद्र या दोहोंची प्रतिमाने प्रथमच एकत्र जोडून दाखविली. मनाबे यांना पुढे २०२१ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळच्या संगणकाची शक्ती पाहता ब्रायन यांनी केलेली एक तजवीज मोठी बुद्धिमान होती. चार किलोमीटर खोल समुद्रात पृष्ठावरची लांब लाट सेकंदाला सुमारे २०० मीटर धावते, आणि तिचा हिशेब ठेवायचा तर काळाची पावले फार आखूड टाकावी लागतात. म्हणून त्यांनी समुद्रावर एक काल्पनिक झाकण ठेवले, ज्याच्या योगाने ती लाट उठूच नये आणि मंद प्रवाहांचा अभ्यास लांब पावलांनी करता यावा. संगणक वाढले तसे ते झाकण काढून टाकण्यात आले. ब्रायन-कॉक्स यांच्या दप्तराची वंशपरंपरा मात्र खंडित झाली नाही: पुण्यात मान्सून मोहिमेसाठी जे संयुक्त प्रतिमान घेण्यात आले त्याचा सागरी भाग, आणि पुण्यातच तयार झालेल्या ज्या भूप्रणाली प्रतिमानाची गणिते आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालासाठी भारतातून प्रथमच गेली त्याचाही सागरी भाग, याच घराण्यातील आहेत.

आता जलराशींकडे वळू. नकाशावर समुद्र एकरंगी दिसतो, पण त्याच्या पोटात निरनिराळ्या मुलखांचे पाणी थराथरांनी पडलेले असते. एखाद्या थराने आपले तापमान आणि आपले मीठ ज्या ठिकाणी पृष्ठभागावर असताना मिळविले, ते घेऊन तो बुडतो, आणि बुडाल्यावर सूर्य, वारा व पाऊस यांचा संबंध तुटल्यामुळे ही दोन लक्षणे दीर्घकाळ जवळजवळ अबाधित राखतो. म्हणून हजारो किलोमीटरांवर, वर्षांनंतर, क्वचित शतकांनंतर, त्याची जन्मभूमी ओळखता येते. नॉर्वेचे ब्यॉर्न हेलँड-हानसेन यांनी १९१६ साली तापमान एका अक्षावर आणि क्षारता दुसऱ्या अक्षावर मांडून ही ओळख पटविण्याची आकृती प्रचारात आणली, आणि आजही एखाद्या प्रतिमानाची परीक्षा घ्यायची झाली तर जाणता अभ्यासक प्रथम तीच आकृती मागतो.

आपल्याकडचे उदाहरण अरबी समुद्राचे आहे. तेथे पाऊस आणि नद्या जे पाणी आणतात त्याहून बाष्पीभवन अधिक नेते, त्यामुळे उत्तरेकडचे पृष्ठजल मुळातच ३६ च्या वर खारे असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात भूप्रदेशावरून येणारे कोरडे, थंड ईशान्य वारे कच्छ-सौराष्ट्राच्या पुढील समुद्रावरून वाहू लागले की ते पाण्यातून वाफ ओढतात, आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. अशा रीतीने एकाच वेळी पाणी थंडही होते आणि आणखी खारटही होते. वरचा थर खालच्यापेक्षा जड झाला की तो रात्रीच्या गारव्यात खाली बसतो, खालचे पाणी वर येते, तेही थंड होऊन बसते, आणि असे घुसळण होता होता कित्येक मीटरांपर्यंत पाणी एकजीव होते. मग हे जड, खारे पाणी दक्षिणेकडच्या हलक्या पृष्ठजलाखाली सरकून पसरू लागते, आणि त्या भागात वरून खाली मोजत गेल्यास पृष्ठाखाली, शंभर मीटरांच्या आत, क्षारतेचा एक कमाल बिंदू सापडतो. गोव्यात दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. प्रसन्नकुमार आणि टी. जी. प्रसाद यांनी १९९९ साली या ‘अरबी समुद्राच्या उच्चक्षारता जलराशी’च्या जन्माचा आणि प्रसाराचा तपशीलवार वृत्तांत दिला, आणि त्याआधी १९९६ साली एम. मधुप्रताप व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच हिवाळी घुसळण खालची पोषकद्रव्ये वर आणून थंडीच्या दिवसांत तेथे सूक्ष्म वनस्पतींची समृद्धी कशी उत्पन्न करते हे दाखविले होते.

हे संगणकात घडवून आणायचे म्हटले की कसोटी लागते. पाणी बसण्याची क्रिया दहा-वीस मीटरांच्या रुंदीत होते, आणि प्रतिमानाची चौकट दहा, पंचवीस, कधी शंभर किलोमीटर रुंद असते. तेव्हा ती क्रिया चौकटीत दिसणे अशक्य, आणि तिचा परिणाम नियमाने लिहून द्यावा लागतो: वरची चौकट खालचीपेक्षा जड झाली, तर दोघींचे पाणी अमुक वेगाने मिसळावे. नियम ढिला दिला तर पाणी बसतच नाही. कडक दिला तर नको तेवढे खोल जाते. मोठ्या भोवऱ्यांचीही हीच गत. समुद्रात पन्नास-शंभर किलोमीटर व्यासाचे भोवरे सतत फिरत असतात आणि उष्णता व मीठ यांची वाहतूक करतात. चौकट त्यांच्याहून मोठी असेल तर त्यांचे काम नियमानेच करवून घ्यावे लागते. येथे आरंभीच्या काळात एक सूक्ष्म दोष राहून गेला होता. भोवऱ्यांच्या मिश्रणासाठी प्रतिमाने शेजारच्या चौकटींतील पाणी सरळ आडव्या पातळीत मिसळत असत, पण समान घनतेचे थर समुद्रात आडवे नसतात, तिरपे असतात. त्यामुळे जे पाणी निसर्गात एकमेकांना कधी भेटत नाही त्याची गणितात भेट होई, जलराशी पसरता पसरता आपली ओळख गमावीत, आणि जेथे पाणी वर येत नाही तेथे ते वर येत असल्याचा खोटा हिशेब निघे. मार्था रेडी यांनी १९८२ साली मिश्रण घनतेच्या तिरप्या थरांच्या अनुरोधाने फिरविण्याची रीत दिली, आणि पीटर जेंट व जेम्स मॅकविल्यम्स यांनी १९९० साली तीत मोलाची भर घातली. त्यानंतरच दीर्घकालीन गणनांत खोल जलराशी टिकू लागल्या.

अरबी समुद्रात आणखी दोन पाहुण्या जलराशी येतात: एक इराणच्या आखातातून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून, आणि दुसरी तांबड्या समुद्रातून बाब-एल-मंदेबमधून; पहिली दोन-तीनशे मीटर खोलीवर आणि दुसरी त्याहून बरीच खाली जाऊन पसरते. होर्मुझ अरुंद जागी चाळीस किलोमीटरांच्या आसपास आहे, बाब-एल-मंदेब तर तिसाच्याही आत. एक अंशाच्या चौकटी मांडणाऱ्या प्रतिमानाला, ज्याची प्रत्येक चौकट सुमारे १११ किलोमीटरांची असते, ही दारे दिसतच नाहीत. म्हणून कोणी ती मुद्दाम रुंद करून ठेवतात, तर कोणी त्या तोंडाशी मोजलेल्या तापमान-क्षारतेकडे पाण्याला सक्तीने ओढत नेतात. चौकट निम्मी करावी हा उघड उपाय; पण चौकटीची लांबी-रुंदी निम्मी केली की चौकटी चौपट होतात, काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते, आणि काम आठपट वाढते.

तथापि, प्रतिमानाचे सामर्थ्य केवळ हुबेहूबपणात नाही. प्रत्यक्ष समुद्रावर जो प्रयोग करण्याची मुभा मनुष्याला कधीच मिळणार नाही तो येथे करता येतो, आणि गोव्याच्या किनाऱ्याने याचे जे उदाहरण दिले ते मला या सबंध शास्त्रातील अत्यंत सुंदर उदाहरणांपैकी एक वाटते. हिवाळ्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत वारा उत्तरेकडून येत असतो. तेव्हा किनारी प्रवाहही दक्षिणेकडे वाहावा अशी कोणाचीही अपेक्षा असावी. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सतीश शेट्ये आणि त्यांचे सहकारी यांनी जहाजावरील मोजमापांच्या आधारे १९९१ साली दाखविले की तो त्या वाऱ्याच्या विरुद्ध, उत्तरेकडे वाहतो, आणि दक्षिणेकडचे कमी खारे पाणी आपल्यासोबत किनाऱ्यालगत वर नेतो. ज्याला तेथील वारा ढकलीत नाही त्या पाण्याला ढकलते कोण?

उत्तर मिळाले ते संगणकातील समुद्रात. अमेरिकेतील जूलियन मॅकक्रिअरी, पीयूष कुंडू आणि रॉबर्ट मॉलिनारी यांनी १९९३ साली हिंदी महासागराचे जे प्रतिमान प्रसिद्ध केले, त्यात वरचा समुद्र मोजक्या थरांतच मांडला होता, आणि आजच्या मानाने ते अगदी साधे होते. पण त्यात त्यांना हवा तो वारा हव्या त्या ठिकाणी बंद करता येत असे. एका गणनेत एका भागावरचा वारा ठेवावा, दुसरीत काढावा, आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर काय उरते ते पाहावे. अशा गणनांतून निष्पन्न झाले की पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह मोठ्या अंशी दूरवरच्या वाऱ्यांची, विशेषतः बंगालच्या उपसागरावरील वाऱ्यांची, कर्तबगारी आहे. उपसागरावर वाऱ्याने जी उलथापालथ केली तिचा निरोप केल्व्हिन तरंग म्हणून किनारा उजव्या हाताला धरून, म्हणजे आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्याने दक्षिणेला, श्रीलंकेला वळसा घालून, केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याने उत्तरेला, दिवसाला सुमारे दोनशे किलोमीटरांच्या वेगाने येतो, आणि गोव्याच्या मच्छीमाराची होडी त्याच्या आधीन होते. डी. शंकर आणि शेट्ये यांनी १९९७ साली यापुढे जाऊन, पश्चिम किनाऱ्याकडून हेच तरंग पश्चिमेकडे फुटून लक्षद्वीपच्या परिसरात समुद्रपृष्ठाचा हिवाळी उंचवटा आणि पावसाळी खळगा कसा घडवितात हे सिद्ध केले. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र हे शाळेच्या नकाशात दोन स्वतंत्र जलाशय. प्रतिमानाने दाखविले की किनाऱ्याच्या अरुंद पट्टीतून त्यांचा कारभार एकच आहे. हिवाळ्यात उपसागराचे कमी खारे पाणीही श्रीलंकेला वळसा घालून आग्नेय अरबी समुद्रात शिरते. म्हणजे गंगेचे थोडे पाणी केरळच्या पुढील समुद्रातही असते.

आता पूर्वेकडे. सुलोचना गाडगीळ, ज्या मूळच्या पुण्याच्या आणि ज्यांचे पहिले संशोधन हार्वर्डमध्ये सागरी प्रवाहांच्या वळणांवर झाले, त्यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह १९८४ साली दाखविले की समुद्रपृष्ठाचे तापमान सुमारे २८ अंशांच्या वर असल्याखेरीज त्यावर पावसाळी ढगांची मोठी बांधणी सहसा होत नाही. मोसमी वारे सुरू झाल्यावर अरबी समुद्र या रेषेखाली उतरतो, कारण जोरदार वारे पाणी घुसळतात आणि सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला खालचे थंड पाणी वर येते. बंगालचा उपसागर मात्र सबंध पावसाळाभर बहुतेक ठिकाणी रेषेच्या वर राहतो. असे का व्हावे, याचा हिशेब गोव्याच्याच संस्थेतील एस. एस. सी. शेणॉय, डी. शंकर आणि शेट्ये यांनी २००२ साली दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचे जमाखर्च शेजारी मांडून दिला. उपसागरावर वारे तुलनेने मंद आहेत. आणि गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी यांचे व पावसाचे गोडे पाणी तेथे वरच तरंगत राहते, ज्यामुळे उत्तर भागातील पृष्ठक्षारता पावसाळ्यात आणि त्यानंतर ३० च्याही खाली येते. हा हलका थर वाऱ्याला खालच्या पाण्याशी झुंजू देत नाही. वारा जितका घुसळील तितके त्याच उबेचे पाणी वर येते, कारण गोड्या थराखालचे पाणी अधिक खारे असले तरी थंड नसते. समुद्र उष्णच राहतो, ढग बांधले जातात, कमी दाबाचे क्षेत्र जन्मते, ते पश्चिमेकडे निघते, आणि छत्तीसगढ ओलांडून विदर्भात शिरते. येथील पावसाचे पाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला, तेथून प्राणहितेने गोदावरीला मिळून पुन्हा त्याच उपसागरात जमा होते.

हे ध्यानात घेतले म्हणजे पुण्याच्या प्रतिमानकारांपुढील अडचण किती नेमकी आहे ते कळते. मान्सून मोहिमेसाठी घेतलेल्या प्रतिमानाच्या समुद्राचे वरून खाली ४० थर होते, आणि पहिल्या सुमारे दोनशे चाळीस मीटरांपर्यंत त्यांतील प्रत्येक थर दहा मीटर जाडीचा होता. उत्तर उपसागरात प्रत्यक्ष मोजमाप केले असता गोड्या पाण्याचा थर कित्येक ठिकाणी अवघ्या काही मीटरांचा निघतो; म्हणजे ज्या पापुद्र्यावर झडीचा उगम अवलंबून आहे तो प्रतिमानाच्या पहिल्याच चौकटीत विरघळून जातो, त्याचे मीठ खालच्या खाऱ्या पाण्यात सरासरीने मिसळून लिहिले जाते, आणि समुद्र निसर्गात जितका अलिप्त थरांचा आहे तितका गणितात राहत नाही. या प्रतिमानाचे दोन दोष अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहेत: त्यातील उष्णदेशीय समुद्र वास्तवाहून थंड राहतो, आणि भारताच्या भूभागावर पाऊस वास्तवाहून कमी पडतो. या दोषांना हवेच्या भागातील कारणेही पुष्कळ आहेत, आणि सगळा ठपका मिठावर ठेवणे अन्यायाचे होईल. पण वरच्या थराचे गणित सुधारल्याविना उपसागराचे प्रकरण सुटणार नाही, असे माझे मत या विषयाचे वाङ्मय वाचून झालेले आहे.

मिठाच्या बाबतीत प्रतिमानकारांचा एक जुना शिरस्ता आहे, तो वाचकांनी जाणून घ्यावा. केवळ समुद्राची जी स्वतंत्र प्रतिमाने चालविली जातात, त्यांतील पृष्ठक्षारता वास्तवापासून भटकू लागली की तिला मोजलेल्या दीर्घकालीन सरासरीकडे हळूहळू ओढून आणतात. तापमानाच्या बाबतीत निसर्गातच असे बंधन असते, कारण पाणी अधिक तापले तर ते हवेला अधिक उष्णता देऊन टाकते. पण पाणी अधिक खारे झाले म्हणून पाऊस वाढत नाही, आणि म्हणून मिठाची चूक आपण होऊन कधी दुरुस्त होत नाही. सरासरीकडे ओढल्याने प्रतिमान सुसह्य होते खरे, परंतु ज्या वर्षी गंगेला असाधारण पूर आला त्या वर्षाचा असाधारणपणा त्यात पुसून जातो, आणि आपल्याला जाणून घ्यायचे असते ते नेमके तेच.

मोजमापांनी या कामात अलीकडे मोठी मदत केली आहे. सुमारे ४,००० आर्गो तरंगके आज जगाच्या समुद्रांत फिरत आहेत. पुरुषभर उंचीचे हे धातूचे नळकांडे हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरांपर्यंत उतरते, वर येताना प्रत्येक पातळीचे तापमान व क्षारता टिपते, आणि पृष्ठावर येऊन उपग्रहामार्फत ती पाठवून पुन्हा बुडते. भारताच्या वतीने ही तरंगके सोडण्याचे आणि त्यांची मापने प्रतिमानात घालण्याचे काम हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र करते. १९९९ साली स्थापन झालेले हे केंद्र मच्छीमारांसाठी मत्स्यक्षेत्रांच्या आणि लाटांच्या ज्या सूचना देते, त्यांच्याही मुळाशी अशीच गणिते आहेत. मापन प्रतिमानात घालणे म्हणजे आकडा खोडून आकडा लिहिणे नव्हे. प्रतिमानाची शिल्लक आणि तरंगकाची शिल्लक यांपैकी कोणावर किती विश्वास ठेवायचा हे दोघांच्या संभाव्य चुकीवरून ठरवून, शेजारच्या चौकटींतही तदनुसार फेरफार करावा लागतो.

परंतु सामान्य आर्गो तरंगक पृष्ठाच्या शेवटच्या काही मीटरांत आपला पंप बंद करते, जेणेकरून पृष्ठावरची घाण क्षारतामापकात जाऊ नये. आणि उत्तर उपसागरात महत्त्वाचे असते ते तेच. त्यासाठी मान्सून मोहिमेअंतर्गत ‘सागरी मिश्रण आणि मान्सून’ हा कार्यक्रम हाती घेण्यात आला, अमेरिकी शास्त्रज्ञांची समांतर मोहीम त्याच्या जोडीला आली, आणि ‘सागर निधी’ व ‘रॉजर रेव्हेल’ या जहाजांवरून उपसागराचे पहिले काही मीटर अभूतपूर्व बारकाईने मोजण्यात आले. गोडे पाणी तेथे एकसारखे पसरलेले नसून त्याचे पट्टे पडलेले असतात, आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाताना काही किलोमीटरांच्या आतच क्षारता ठळकपणे बदलते, असे त्या मोजमापांतून दिसले. नव्या प्रतिमानांनी याची दखल घेण्यास आरंभ केला आहे: नोएडाच्या राष्ट्रीय मध्यमावधी हवामान अंदाज केंद्रात जे संयुक्त प्रतिमान चालते त्याच्या समुद्राचे ७५ थर आहेत, आणि सर्वांत वरचा सुमारे एक मीटर जाडीचा आहे.

चौकटी बारीक झाल्या, थर पातळ झाले, तरी त्यांत जमा करावयाचे गोडे पाणी कोठून आणायचे हा प्रश्न उरतोच. जगभरच्या अनेक प्रतिमानांत नद्यांचे पाणी अजूनही प्रत्येक महिन्याच्या दीर्घकालीन सरासरीने ओतले जाते. अवर्षणाच्या वर्षीही तेच आणि महापुराच्या वर्षीही तेच. उपसागराच्या बाबतीत याचे एक कारण असे की गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या प्रवाहाची दैनंदिन मापने घेतली जातात, पण ती सीमापार नद्यांची म्हणून गोपनीय दप्तरात बंद राहतात, आणि शास्त्रज्ञांना उपग्रहाने मोजलेल्या नदीच्या पातळीवरून त्यांचा अदमास बांधावा लागतो. या गोपनीयतेला मुत्सद्देगिरीची कारणे असतील. तरीही ज्या देशाची शेती उपसागराच्या वरच्या काही मीटरांवर इतकी विसंबून आहे, त्या देशाच्या मान्सून प्रतिमानाला आपल्याच नद्यांचा आकडा परक्या उपग्रहाकडून मागून घ्यावा लागावा हे मला उचित वाटत नाही. निदान पुणे, नोएडा आणि हैदराबाद येथील संस्थांना ही मापने त्या त्या दिवशी मिळतील एवढी व्यवस्था शासनाने केली पाहिजे, आणि तिला नव्या महासंगणकाइतका खर्चही येणार नाही.